उजेडाला धरलेली फिल्म

आमच्या साताऱ्याच्या घरी माजघरातील कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात एक मोठे पांढरे पाकीट आहे. त्यात तीन काळ्या फिल्म्स आहेत. प्रत्येकीवर वीस लहान लहान चौकटी असून प्रत्येक चौकटीत माझ्या आईच्या मेंदूचा एकेक काप आहे. पूर्वीच्या पिढीत घरोघर जन्मपत्रिकांच्या वळकट्या फडक्यात बांधून ठेवलेल्या असत. आता त्यांची जागा या पाकिटांनी घेतली आहे. साम्य एवढ्यावरच संपत नाही. पत्रिका वाचता येणारा गावात एखादाच असे. पण ती उलगडून तिच्यावरून बोट फिरविल्याशिवाय घरातील कुणासच चैन पडत नसे. फिल्मचेही तेच. समाचारास येणारा प्रत्येक मनुष्य ती पाकिटातून काढतो, खिडकीच्या उजेडाशी धरतो, डोळे बारीक करतो आणि ‘हं’ म्हणून परत देतो. त्या ‘हं’मध्ये काय असते ते ज्याचे त्यास ठाऊक. माझ्या ‘हं’मध्ये काय होते ते मात्र मला पक्के ठाऊक आहे, आणि ते सांगण्यासाठीच आज लिहावयास बसलो आहे.

२०१८ सालच्या आषाढातली गोष्ट. आईचे वय त्या वेळी ७८ वर्षांचे होते. रोज सकाळी दूध आले की ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने खूण करीत असे. त्या दिवशी खूण करता करताच ती कोसळली. खुणेची रेघ चौकोनाबाहेर पडून खालच्या आठवड्यात उतरलेली आहे. तिचे हृदय थांबले होते. शेजारच्या एका तरुण डॉक्टराने धावत येऊन तिची छाती दाबली, मग गाडी आली, आणि इस्पितळात पोचता पोचता हृदय पुन्हा चालू झाले. मध्ये किती वेळ गेला याविषयी आमच्या घरात अद्यापि एकमत नाही. दादा म्हणतो आठ मिनिटे. वहिनी म्हणतात पंधराला कमी नाहीत. मी पुण्यास होतो, म्हणून मला बोलण्याचा अधिकार नाही. पण त्या वेळी मी पंधरा धरून चाललो होतो.

सहाव्या दिवशी एमआरआय झाला. फिल्म घेऊन मी पुण्यास गेलो. माझे एक बालमित्र मज्जासंस्थेच्या रोगांचे डॉक्टर आहेत. त्यांनी ती प्रकाशपेटीवर लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मेंदूच्या बाहेरच्या बाजूस जो करड्या रंगाचा वळ्यावळ्यांचा थर असतो, त्याच्या कडेकडेने या चित्रात सर्वत्र एक पांढरी रेघ उमटली होती. अशी रेघ तेथे दिसावयास नको असते. त्या थरास प्राणवायूची भूक सर्वांत अधिक. रक्त थांबले की काही मिनिटांतच तेथील पेशी मरू लागतात. खाली बुंध्याशी जो भाग श्वास, रक्ताचा दाब, झोप आणि जाग यांची व्यवस्था पाहतो, तो त्या मानाने काटक असतो. डॉक्टर म्हणाले, “माणूस वाचेल. आई वाचेल की नाही ते विचारू नकोस.” या वाक्याचा अर्थ मला अकराव्या दिवशी कळला. श्वासाचे यंत्र निघाले आणि आईने डोळे उघडले. आम्ही सगळे पलंगाभोवती धावलो. डोळे उघडे होते, ते हळूहळू इकडून तिकडे फिरत होते, आणि आम्हांपैकी कुणावरही थांबत नव्हते.

या अवस्थेस ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोघा डॉक्टरांनी १९७२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नाव दिले. त्या नावाचा अर्थ मराठीत करावयाचा तर ‘वनस्पतिवत् अवस्था’ असा करावा लागेल. रोगी जागतो, झोपतो, जांभई देतो, दात खातो, कधी रडल्यासारखे तोंड करतो. परंतु त्या जागण्यात जाणीव असल्याचा पुरावा सापडत नाही. दादाला मी हे नाव सांगितले तेव्हा तो चिडून म्हणाला, “वनस्पतीसुद्धा उजेडाकडे वळते. आणि आई तर माझ्याकडे वळते.”

येथून आमच्यात दोन पक्ष पडले. माझ्या हाती फिल्म होती, त्याच्या हाती अडकित्ता. जेवणानंतर चिमूटभर कातरलेली सुपारी तोंडात टाकण्याची आईची सवय पन्नास वर्षांची. तिला घरी आणल्यावर दादा रोज दुपारी तिच्या उशाशी बसून सुपारी कातरू लागला. त्याचे म्हणणे असे की, अडकित्त्याचा ‘कट्’ आवाज झाला की आई ओठ हलविते. मी म्हणे, ओठ तर ती एरव्हीही हलविते. तो म्हणे, तू शनिवारी येतोस आणि रविवारी जातोस, तुला काय ठाऊक! यावर मी फिल्म काढून खिडकीशी धरीत असे व ती पांढरी रेघ त्यास दाखवीत असे. तो फिल्मकडे पाहतही नसे. शाळेत चौतीस वर्षे गणित शिकविलेला तो मनुष्य. पुराव्याचे महत्त्व त्यास कळत नव्हते असे नाही. मला वाटते, माझ्या हातातला पुरावा आईबद्दल आहे की माझ्याबद्दल, हे त्याने ओळखले होते.

एका रविवारी मी एक गोष्ट केली, तिची मला अजून लाज वाटते. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारास पडदा आहे. दादा सुपारी कातरावयास बसल्यावर मी त्या पडद्याआड वही घेऊन उभा राहिलो आणि फटीतून पाहू लागलो. अडकित्ता वाजल्यापासून मनात पाच मोजीपर्यंत ओठ हलले तर एक फुली. असे वीस वेळा. मग तो थांबला असता, काही आवाज नसताना, तितक्याच अंतराने पुन्हा वीस वेळा. आवाजानंतर ओठ हलले ते सात वेळा. आवाजावाचून हलले ते सहा वेळा. मला विजय झाल्यासारखे वाटले. वही मिटून मी मागील दाराने अंगणात गेलो. आपल्या आईच्या ओठांवर आपण फुल्या मारीत उभे होतो, हे तेथे गेल्यावर मला सुचले. तो आकडा मी दादाला सांगितला नाही.

त्या सुमारास रात्री झोप येत नसे, म्हणून अशा प्रकरणांविषयी जे मिळेल ते मी वाचीत असे. त्यातच अमेरिकेतील टेरी शायव्हो हिची हकिकत सविस्तर वाचली. पुष्कळांना ती वर्तमानपत्रांतून आठवत असेल. फ्लॉरिडात राहणारी ही विवाहित तरुणी १९९० सालच्या फेब्रुवारीत, वयाच्या २६ व्या वर्षी, हृदय थांबून पडली. ती वाचली, पण माझ्या आईसारखीच. पुढे १९९८ साली नवऱ्याने पोटातील अन्ननलिका काढण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. तिच्या आईवडिलांनी विरोध केला. आणि सात वर्षे ते भांडण चालले. नळी दोनदा काढून दोनदा परत घालण्यात आली. शेवटी २००५ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने त्या एका बाईसाठी मध्यरात्री कायदा केला, अध्यक्षांनी त्यावर सही केली, आणि तरीही न्यायालयांनी हात आखडता घेतला. ३१ मार्च रोजी ती वारली.

या सात वर्षांत मेंदूच्या चित्रावर जो वाद झाला, तो वाचताना मला दर पानावर आमचे माजघर दिसत होते. तिच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदू आक्रसून त्याच्या जागी पाण्याच्या पोकळ्या वाढल्याचे दिसत होते. मेंदूच्या विजेचा आलेख सपाट होता. एमआरआय काढण्याची सोय नव्हती; कारण १९९० साली उपचार म्हणून तिच्या मेंदूत विजेच्या तारा बसविल्या होत्या, आणि त्या लोहचुंबकाच्या यंत्रात नेणे धोक्याचे होते. २००२ साली न्यायाधीश ग्रीअर यांच्यापुढे पाच डॉक्टरांच्या साक्षी झाल्या: दोन नवऱ्याने निवडलेले, दोन आईवडिलांनी निवडलेले, एक न्यायालयाने नेमलेला. नवऱ्याच्या बाजूच्या दोघांना व न्यायालयाच्या डॉक्टरास आशा दिसली नाही. आईवडिलांच्या बाजूच्या दोघांना दिसली. रोगी एकच होती. प्रत्येकाने चित्र पाहिले ते आपापल्या खिडकीशी धरून.

चित्राविरुद्ध आईवडिलांच्या हाती चलच्चित्र होते. तासन्‌तास घेतलेल्या फितीतून काही क्षण वेचून ते दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. त्यात टेरी फुग्यामागे डोळे फिरविताना दिसते, आईकडे पाहून हसताना दिसते. ते पाहून कोट्यवधी लोक हळहळले. सेनेटमधील बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट, जे स्वतः हृदयाचे शल्यवैद्य होते, त्यांनी त्या फितीच्या आधारे सभागृहात निदानाविषयी शंका प्रकट केली. न्यायाधीशांनी मात्र वेचे न पाहता फीत पाहिली, आणि जे केले ते वाचून माझ्या छातीत धस्स झाले. त्यांनी मोजले. आईवडिलांच्या बाजूच्या डॉक्टराने स्वतः व तिच्या आईकडून मिळून टेरीला १११ आज्ञा केल्या होत्या आणि ७२ प्रश्न विचारले होते. त्यांस उत्तर म्हणता येईल अशा हालचाली फारच थोड्या होत्या. म्हणजे पडद्याआड वही घेऊन उभा राहणारा मी जगात पहिलाच नव्हतो. फरक इतकाच की न्यायाधीशांना तो अधिकार होता, आणि त्यांनी आपला आकडा सर्वांसमक्ष सांगितला.

मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले. मेंदूचे वजन ६१५ ग्रॅम भरले; त्या वयाच्या स्त्रीच्या मेंदूचे असावयास हवे त्याच्या जवळजवळ निम्मे. दृष्टीचे काम करणारा मागचा भाग नष्ट झालेला होता. जिने फुग्याकडे पाहिले असे लाखो लोकांनी पाहिले, तिला दिसतच नव्हते. माझ्या पक्षाचा असा निर्विवाद जय दुसरा सापडणार नाही. पण त्याच अहवालात हेही म्हटले होते की, जाणिवेच्या अभावाचे हे निदान जिवंत रोग्याची तपासणी करूनच करावयाचे असते. मृत मेंदू कापून ते सिद्ध करता येत नाही, मेंदूची अवस्था त्या निदानाशी जुळते एवढेच म्हणता येते. शवविच्छेदकाइतकी विनयशीलता मला आईच्या पलंगापाशी सुचली असती तर बरे झाले असते.

आता दादाच्या बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे, कारण तो थोडा नाही. २००६ साली केंब्रिज येथे एड्रियन ओवेन यांनी मोटार-अपघातात मेंदूस इजा झालेल्या २३ वर्षांच्या एका स्त्रीची परीक्षा केली. बाहेरून ती वनस्पतिवत् अवस्थेतच होती. तिला मेंदूतील रक्तप्रवाह दाखविणाऱ्या यंत्रात ठेवून सांगण्यात आले की, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग, तू आपल्या घरातून खोलीखोलीने फिरते आहेस अशी कल्पना कर. दोन्ही वेळा मेंदूचे निरनिराळे भाग उजळले, आणि ते निरोगी माणसांत उजळतात तेच होते. २०१० साली अशा ५४ रोग्यांपैकी ५ जणांना हे साधल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एकाने ‘होय’ म्हणावयाचे असेल तर टेनिस आणि ‘नाही’ म्हणावयाचे असेल तर घर, अशा रीतीने वडिलांच्या नावासारख्या साध्या प्रश्नांची उत्तरे दिली. २०२४ साली अनेक देशांतील इस्पितळांनी मिळून केलेल्या पाहणीत, ज्यांच्याकडून आज्ञेस डोळ्यांना दिसेल असा कोणताही प्रतिसाद मिळत नव्हता अशा २४१ रोग्यांपैकी ६० जणांच्या मेंदूत तो प्रतिसाद आढळला. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. आणि यंत्राचीही गरज नाही. बेल्जममध्ये २००९ साली ४४ रोग्यांची, ज्यांना त्यांच्याच डॉक्टरांनी जाणीवशून्य ठरविले होते, ठरावीक पद्धतीने पुनःपुन्हा तपासणी केली तेव्हा १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. ठरावीक पद्धतीने पुनःपुन्हा तपासणी म्हणजे काय? रोज दुपारी उशाशी बसणे याहून ती फार निराळी असेल असे मला वाटत नाही.

तथापि हेही खरे की सारी चित्रे एका जातीची नसतात. आमची फिल्म होती ती मेंदूच्या बांधणीची. ओवेन यांचे यंत्र पाहते ते मेंदूच्या हालचालीचे. पहिले म्हणजे घराचा नकाशा, दुसरे म्हणजे रात्री कोणत्या खोलीत दिवा लागला याची नोंद. त्या पाच भाग्यवंतांच्या डोक्यास आघात झालेला होता. हृदय थांबून मेंदूचा श्वास कोंडलेला त्यांत एकही नव्हता. शिवाय दुसऱ्या जातीच्या चित्रातले ते तांबडे-पिवळे ठिपके म्हणजे काही डोक्यात पेटलेले दिवे नव्हेत. रक्तातील प्राणवायूच्या सूक्ष्म चढउतारांवरून गणकयंत्राने आकडेमोड करून चढविलेला तो रंग असतो. २००९ साली अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांचे सहकारी यांनी एक मेलेला सॅमन मासा त्या यंत्रात ठेवला, त्यास माणसांची छायाचित्रे दाखविली, आणि चित्रांतील माणसांच्या मनात कोणत्या भावना असाव्यात ते ओळख, अशी त्या माशास रीतसर विनंती केली. गणितातील एक आवश्यक खबरदारी मुद्दाम न घेता हिशेब केला तेव्हा माशाच्या मेंदूत ठिपके उजळले! खबरदारी घेताच ते विझले. आपल्या शास्त्रबंधूंचे कान उपटण्यासाठी केलेला हा विनोद होता. मी तो दादाला सांगितला, तेव्हा तो पुष्कळ दिवसांनी हसला आणि म्हणाला, “मग तुझी फिल्म तरी कशावरून माशाची नाही?” उत्तर देता आले असते, आमच्या फिल्ममध्ये आकडेमोडीचा तसला खेळ नव्हता. पण त्याचे हसणे मला मोडावेसे वाटले नाही.

आपल्याकडे या विषयाचे नाव निघाले की अरुणा शानबाग यांचे नाव निघतेच. मुंबईच्या केईएम इस्पितळातील ही परिचारिका. १९७३ सालच्या नोव्हेंबरात तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला, आणि त्यानंतर ती ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच इस्पितळात पडून होती. तिला मरू द्यावे असा अर्ज पिंकी विराणी या लेखिकेने सर्वोच्च न्यायालयात केला. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी मुंबईस येऊन तिला पाहिले आणि वनस्पतिवत् अवस्थेची बहुतेक लक्षणे तिच्यात असल्याचा अहवाल दिला. उलट परिचारिकांचे म्हणणे असे की, तिला मासळी आवडते, खोलीत गर्दी झाली तर ती ओरडते. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने निकाल दिला. विशिष्ट परिस्थितीत उपचार थांबविण्यास तत्त्वतः मान्यता दिली; परंतु या प्रकरणी अर्ज फेटाळला, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदार लेखिकेचा नसून, इतकी वर्षे तिची शुश्रूषा करणाऱ्या इस्पितळातील मंडळींचा आहे असे ठरविले. न्यायालयापुढे तिच्या मेंदूविषयी तज्ज्ञांचा अहवाल होता. तरी तिच्या वतीने कोणी बोलावे हे ठरविताना त्याने तिला भरविणारे हात कोणाचे ते पाहिले. हा निकाल मी पहिल्याने वाचला तेव्हा मला तो भावनाविवश वाटला होता. आईच्या आजारात तो पुन्हा वाचला आणि एकदम वहिनींची आठवण झाली.

कारण आमच्या घरी भरविणारे हात दादाचे नव्हते आणि माझेही नव्हते. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला पावडर लावणे, दिवसातून सहा वेळा नाकातील नळीवाटे भाताची पेज, डाळीचे पाणी, दूध हे गाळून घालणे, घातल्यावर अर्धा तास उशाकडची बाजू उंच ठेवणे, हे सर्व वहिनी करीत. आम्ही दोघे भाऊ फिल्म आणि अडकित्ता घेऊन भांडत असता त्या पलीकडे पेज गाळीत असत. नोव्हेंबरात एके रात्री आमचे आवाज चढले. मी नुकत्याच लागलेल्या, ९ मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचे कात्रण आणले होते. सन्मानाने मरण्याचा हक्क त्याने मान्य केला होता. पण त्यातील पद्धत इतकी बिकट की आधी इस्पितळाचे मंडळ, मग कलेक्टरांनी नेमलेले मंडळ, मग खुद्द न्यायदंडाधिकाऱ्यांनी येऊन रोग्यास पाहणे. मी चौकशी केली होती. ज्यांच्याकडे केली त्यांनीही निकाल वर्तमानपत्रातच वाचला होता. दादा म्हणत होता, “आईच्या मरणाचे कागद तू करतोस?” मी म्हणत होतो, “आई तर जुलैतच गेली, ही फिल्म बघ!” तेव्हा वहिनी हातातले गाळणे तसेच धरून दारात आल्या.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघं एवढं भांडता, पण आईंनी काय सांगितलं होतं ते विचारलंत का कधी कुणाला?”

आम्ही गप्प झालो. वहिनींनी सांगितले ते असे. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या आळीतील एक वृद्ध बाई अशाच नळीवर होत्या. आई आणि वहिनी त्यांना पाहून परत येत असताना, देवळापाशी चढावर आई दम घ्यायला थांबली आणि म्हणाली, “मला नाही हो असं ठेवायचं. तोंडानं जाईल तोवर जेवीन. मग पुरे.” वहिनींनी हे आजवर का सांगितले नाही? “नळी घातली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आणि मग मीच ती रोज धुते आहे, मी कशी म्हणणार, काढा म्हणून?”

टेरी शायव्होच्या खटल्यातही २००० सालचा मूळ निर्णय मेंदूच्या चित्रावर झालेलाच नव्हता. शुद्धीत असताना ती काय म्हणाली होती, या प्रश्नावर तो झाला. आणि नवऱ्याच्या शब्दाखेरीज न्यायाधीशांनी ज्यांच्या साक्षीवर भिस्त ठेवली ते होते नवऱ्याचा एक भाऊ आणि एक भावजय. घरातल्या आजीच्या उत्तरक्रियेच्या दिवशी जेवताना, किंवा दूरचित्रवाणीपुढे बसल्या बसल्या, सहज निघालेले उद्गार. एवढ्यावर माणसाचे मरण ठरवावे काय, असे अनेकांनी विचारले, आणि तो प्रश्न क्षुल्लक नाही. परंतु मग सारे जग त्या उद्गारांविषयी न भांडता स्कॅनविषयी का भांडले? मला आता वाटते, घरातील माणूस खोटे बोलतो की खरे, हे विचारणे फार अवघड. त्याहून चित्र सोपे. चित्राला राग येत नाही. मी फिल्म पुढे करीत होतो, कारण ‘मला हे पाहवत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘शास्त्र असे म्हणते’ असे म्हणणे सोपे जात होते. दर शनिवारी एसटीत बसताना आई अजून तशीच असेल या विचाराने मला धास्ती वाटे, आणि सोमवारी पुण्यास उतरताना सुटल्यासारखे वाटे. फिल्ममध्ये ही रेघ कुठेच उमटलेली नव्हती. दादाचेही तसेच असावे. ‘मला आई हवी आहे’ असे म्हणण्याऐवजी तो सुपारी कातरीत होता.

वहिनींच्या त्या बोलण्यानंतर आम्ही नळी काढली असे नाही. ते धैर्य तिघांतही नव्हते, आणि मार्गही दिसत नव्हता. पण भांडण मात्र थांबले. जानेवारीत आईला न्यूमोनिया झाला. रात्री ताप १०३ वर गेला, छातीत घरघर सुरू झाली. मी पुण्याहून पोचलो तेव्हा दादा पायरीवर बसला होता. गाडी बोलवायची का, असे मी विचारले. तो म्हणाला, “नको. चढावर काय म्हणाली होती ते म्हणाली होती.” मग थोड्या वेळाने मला म्हणाला, “ती फिल्म आण.” मी आणली. त्याने ती प्रथमच उजेडाशी धरली, बराच वेळ पाहिली आणि ‘हं’ म्हणून परत दिली. आमचे नेहमीचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. श्वासाचा त्रास कमी व्हावा असे औषध त्यांनी दिले. चौथ्या दिवशी पहाटे आई गेली. वहिनी तिची कूस बदलीत होत्या.

२०२३ सालच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती बिकट पद्धत पुष्कळशी सोपी केली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीऐवजी आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर माणसास आपले वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येते. मी माझे केले आहे. माझ्या वतीने निर्णय कोणी घ्यावा या रकान्यात मी वहिनींचे नाव घातले, त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमची पेज गाळायला लावू नका म्हणजे झालं.”

एक गोष्ट राहिली. आई गेली त्याच वर्षी, २६ डिसेंबर रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. साताऱ्यात ते खंडग्रास दिसले. दादाच्या नातवाने कुठून ऐकले कोण जाणे, काळ्या फिल्ममधून ग्रहण पाहावे म्हणून त्याने स्टुलावर चढून ते पाकीट काढले आणि आईची फिल्म घेऊन अंगणात धावला. ती सूर्याकडे धरणार इतक्यात दादाने त्याच्या हातातून काढून घेतली. डोळे जातील, असे तो पोरावर ओरडला. ते खरेच आहे, अशा फिल्मने डोळ्यांचे रक्षण होत नाही. पोर रडत आत गेले. आम्ही दोघे अंगणात उभे राहिलो. उजेड विचित्र, पिवळट झाला होता. त्या उजेडात मी त्याला पडद्याआडच्या वहीची हकिकत सांगितली. सांगून टाकली, असेच म्हणावे लागेल.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “पडद्याखालून तुझे पाय दिसत होते.”

मला काय बोलावे ते कळेना. ठाऊक असून तो कातरीत राहिला होता, वीस वेळा, नीट अंतराअंतराने, आणि मग मला मोजता यावे म्हणून थांबलाही होता.

“आकडा किती आला?” त्याने विचारले.

मी सांगितला, आवाजानंतर सात, आवाजावाचून सहा. चौतीस वर्षे गणित शिकविलेल्या त्या माणसाने क्षणभर विचार केला.

“सात ना?” तो म्हणाला. “मग.” आणि फिल्म पाकिटात घालू लागला.